‘होली ग्रेल’ बघून हसू आलं नाही, तर चुकलं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मित्रांच्या आग्रहाखातर ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींचा ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ हा सिनेमा पाहिलात. निम्मी मंडळी पोट धरून हसत होती आणि तुम्ही घड्याळाकडे बघत बसला होतात. घोड्याऐवजी करवंट्यांच्या तालावर दुडकणारा राजा, हातपाय तुटले तरी हटून बसलेला सरदार, माणसांचे गळे फोडणारा ससा, आणि सगळ्यावर कडी म्हणजे शेवट अर्ध्यावरच तोडलेला. हा पोरकटपणा लोकांना पन्नास वर्षं का आवडतोय? आर्थर या दंतकथेतल्या ब्रिटिश राजाच्या कथा वाचल्याशिवाय तो कळणारच नाही का? आणि पुढच्या महिन्यात तुमच्या फिल्म क्लबात तोच दाखवायची जबाबदारी तुमच्यावर आहे, तर काय काळजी घ्यावी?

मला वाटतं, तुम्ही गंमत वेडेपणात शोधत होतात. ती वेडेपणाच्या भोवती जे गांभीर्य आहे, त्यात आहे. एवढी एक गोष्ट पक्की धरून हा सिनेमा पुन्हा बघितला, तर बराचसा उलगडतो. विषय मध्ययुगीन दंतकथांचा असला की हे आणखीच खरं, कारण त्या कथांचं सगळं बळ त्यांच्या भारदस्तपणात असतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच मान्य करतो. विडंबन हसवतं ते मूळ गोष्ट ओळखीची असेल तर. ब्रिटिश मुलाला आर्थर आणि त्याचे सरदार लान्सलॉट, गॅलहॅड ही नावं गोष्टींतून, चित्रांतून, आधीच्या सिनेमांतून माहीत असतात, आपल्याला नसतात. दुसरी अडचण भाषेची. या सिनेमात फ्रेंच ढंगाची मोडकी इंग्रजी, चिखलातल्या शेतकऱ्याचे उच्चार आणि दरबारी इंग्रजी एकमेकांवर आदळतात, आणि विनोदाचा मोठा वाटा त्या आदळण्यात आहे. तिसरी गोष्ट सोबतीची. एकट्यानं मोबाइलवर पाहिलेला आणि साठ जणांत पाहिलेला हा सिनेमा एकच नसतो. हे सगळं जमूनही एखाद्याला हा प्रकार रुचत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता एक प्रयोग करा. सिनेमाची पहिली वीस मिनिटं आवाज बंद करून बघा. काय दिसतं? धुकं, करडं आभाळ, ओला चिखल, मळके चेहरे, धुरात हरवलेले दगडी तट. विनोदी सिनेमाची रोषणाई कुठेच नाही. १९७४ साली स्कॉटलंडमध्ये याचं चित्रण झालं. टेरी जोन्स आणि टेरी गिलियम या दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं आणि पूर्ण लांबीचा कथापट दिग्दर्शित करण्याची दोघांचीही ही पहिलीच वेळ होती. पैसा बेताचा होता, तोही काही अंशी लेड झेपेलिन आणि पिंक फ्लॉइडसारख्या संगीतमंडळींनी घातलेला. इतर किल्ल्यांत चित्रण करायला परवानगी मिळाली नाही, म्हणून चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला बहुतेक ठिकाणी डून हा एकच किल्ला वेगवेगळ्या बाजूंनी दाखवून त्याचे अनेक किल्ले केले. सरदारांची साखळी-चिलखतं म्हणजे लोकरीनं विणून चंदेरी रंग फासलेले अंगरखे. स्कॉटलंडच्या पावसात ती लोकर भिजून जड होई. तरी पडद्यावर सगळं खरं वाटतं, कारण कॅमेरा, धूर आणि माती यांच्या बाबतीत कुणीही थट्टा केलेली नाही. टेरी जोन्स तर मध्ययुगाचे खरे अभ्यासक. १९८० साली त्यांचा चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यातल्या सरदारावरचा अभ्यासग्रंथ आला.

संगीताचंही तसंच. सिनेमातली गाणी नील इनेस यांची. पार्श्वसंगीतही आधी त्यांनीच केलं होतं. सुरुवातीच्या खेळांना प्रतिसाद थंड आला, तेव्हा त्यातलं बरंचसं काढून ‘डी वुल्फ’ या तयार संगीताच्या संग्रहातलं पल्लेदार, वीरश्रीचं संगीत घातलं. त्याचा परिणाम समजून घ्या. प्रसंग हास्यास्पद आणि संगीतही गमतीदार असलं की प्रेक्षकाला कुणीतरी कोपरखळी मारून ‘हस ना’ म्हणत असल्यासारखं होतं आणि हसू आटतं. संगीत मनापासून भव्य असलं की राजाला स्वतःबद्दल काय वाटतं ते ऐकू येतं आणि तो प्रत्यक्षात काय करतोय ते दिसतं. त्या दोहोंमधलं अंतर म्हणजे विनोद.

पहिलाच प्रसंग घ्या. धुक्यातून टापांचा आवाज येतो. टेकडीवरून राजा आर्थर येतो, पण पायी, घोड्यावर बसल्यासारखा दुडकत. मागे त्याचा सेवक पॅट्सी दोन करवंट्या एकमेकींवर आपटतोय. घोड्यांचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून रेडिओ नाटकातली जुनी युक्ती उघड्यावर आणली. इतकंच असतं तर ती एका मिनिटाची गंमत झाली असती. पण तटावरचा पहारेकरी घोड्याबद्दल विचारून थांबत नाही. तो विचारतो, नारळ उष्ण कटिबंधातला, इथे कुठून आला? आर्थर म्हणतो, भिंगरी पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे जातोच की. मग वाद रंगतो: पाच औंसांचा पक्षी एक पौंडाचा नारळ कसा उचलेल? पंख दर सेकंदाला किती वेळा मारावे लागतील? भिंगरी आफ्रिकेतली की युरोपातली? दोघींनी मिळून दोरीनं नेला तर?

इंग्लंडचा राजा तटाखाली ताटकळत उभा आहे आणि पहारेकरी पक्ष्याचं वजन काढतायत. राजाचं उदात्त कार्य एका किरकोळ पण रास्त शंकेपुढे अडलंय, आणि शंका रास्त आहे म्हणूनच तो चिडूही शकत नाही. इथे तुम्ही ‘काय फालतू बडबड’ म्हणून लक्ष काढून घेतलंत, तर नुकसान आहे. सिनेमाच्या शेवटाकडे मृत्यूच्या पुलावर राखणदार तीन प्रश्न विचारतो आणि चुकला की माणूस दरीत. आर्थरच्या वाट्याला भिंगरीच्या वेगाचा प्रश्न येतो. तो उलट विचारतो, आफ्रिकी की युरोपीय? राखणदाराला उत्तर येत नाही आणि तोच दरीत फेकला जातो. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतल्या ‘बडबडी’नं राजाचा जीव वाचवलाय. पटकथा विस्कळीत आहे म्हणणाऱ्यांनी ही पेरणी जरूर तपासावी.

काळ्या सरदाराचा प्रसंग बहुतेकांना आठवतो तो रक्ताच्या चिळकांड्यांमुळे. जरा जवळून बघा. आधी काळा सरदार दुसऱ्या एका सरदाराशी लढतो. ती लढाई अगदी गंभीरपणे चित्रित केली आहे, घाव जड आहेत. आर्थर कौतुकानं त्याला दरबारात बोलावतो. उत्तर नाही. मग एवढंच, की कुणालाही पुढे जाता येणार नाही. तो राखतोय काय? एका ओहळावरची चिमुकली लाकडी साकवी. डावा हात तुटतो, तो म्हणतो खरचटलंय. उजवा तुटतो, तो लाथा मारायला लागतो. एक पाय जातो, तो दुसऱ्यावर उड्या मारत धडका देतो. शेवटी नुसतं धड उरतं आणि ते बरोबरीचा तह देऊ करतं.

मध्ययुगीन आर्थरकथांत पूल किंवा नदीचा उतार अडवून बसलेला सरदार हा ठरलेला प्रसंग आहे. कॅक्स्टन या मुद्रकानं १४८५ साली छापलेल्या, मॅलरी या लेखकाच्या आर्थरकथांच्या ग्रंथात सरदार तासन्‌तास लढतात, रक्तानं जमीन भिजते, तरी माघार नाही. ते का लढतायत हा प्रश्न पुष्कळदा कुणी विचारत नाही. आपल्याकडेही शिर तुटल्यावर धड लढत राहिल्याच्या कथा आहेत आणि त्या ऐकताना अंगावर काटा येतो, कारण त्या लढण्यामागे कारण असतं, गड असतो, मागे माणसं असतात. इथे सिनेमानं कारण तेवढं काढून घेतलं आणि शौर्याचे बाकी सगळे नियम शब्दशः पाळले. कारण काढल्यावर उरतो तो हट्ट. यात शूरपणाची चेष्टा नाही. शूरपणाचं सोंग घेतलेल्या हट्टाला उघडं पाडलंय, आणि दंतकथेच्या विडंबनाचं खरं काम तेच असतं.

चेटकिणीचा प्रसंग मला या सिनेमातला सर्वांत मोलाचा वाटतो. गावकरी एका बाईला पकडून आणतात, जाळायचं म्हणतात. तिला गाजराचं नाक त्यांनीच बांधलेलं आहे. सर बेडेव्हियर हा ‘शहाणा’ सरदार त्यांना पायरीपायरीनं विचार करायला शिकवतो. चेटकिणी जळतात. आणखी काय जळतं? लाकूड. म्हणजे चेटकिणी लाकडाच्या. लाकूड पाण्यावर तरंगतं. आणखी काय तरंगतं? बदक. म्हणजे हिचं वजन बदकाइतकं भरलं तर ही लाकडाची, म्हणून चेटकीण. मग तराजू आणतात.

तर्कशास्त्राची थोडी ओळख असलेल्याला इथे दुहेरी आनंद आहे. ‘पर्वतावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे’ हे अनुमान चालतं, कारण धूर अग्नीला सोडून राहत नाही. ‘जळते म्हणून लाकडाची’ हे चालत नाही, कारण तेलही जळतं, कापडही जळतं. आपल्या न्यायशास्त्रात अशा हेतूला, म्हणजे दिलेल्या कारणाला, सव्यभिचार म्हणतात. गावकऱ्यांचं सगळं अनुमान या एका हेत्वाभासावर, म्हणजे फसव्या कारणावर, उभं आहे, आणि तरी प्रत्येक पायरीला जमाव ज्ञान मिळाल्यासारखा आनंदतो. हसू येतं ते त्या आनंदाचं. मग तराजूचं पारडं खरंच समतोल राहतं आणि जमाव तिला ओढत नेतो, तेव्हा तेच हसू घशात अडकतं. डाकीण ठरवून बाईला मारहाण करण्याचे प्रकार आपल्या राज्यात घडलेले आहेत, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग परका वाटायचं कारण नाही.

परका वाटू नये असा आणखी एक प्रसंग म्हणजे चिखलात राबणाऱ्या डेनिसचा. आर्थर सांगतो, सरोवरातल्या देवीनं मला तलवार दिली म्हणून मी राजा. डेनिस उत्तर देतो की तळ्यात पडलेल्या बायांनी तलवारी वाटणं हा राज्यकारभाराचा पाया होऊ शकत नाही, सत्ता लोकांकडून येते. तमाशातली गौळण ज्यानं पाहिली आहे त्याला ही रचना लगेच ओळखू येईल. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना साक्षात कृष्ण अडवतो, आणि मावशी त्याच्या देवपणाला न बधता रोकड्या भाषेत त्याची उलटतपासणी घेते. देव देवच राहतो, पण त्याला मावशीला उत्तर द्यावं लागतं. मावशीचं काम पुरुष करतो तसं पायथन मंडळीही म्हाताऱ्या बायकांची कामं स्वतःच करतात. तेव्हा ‘हा आपला विनोद नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला या गौळणीची आठवण करून द्या.

म्हणजे इथवरचं सूत्र असं: दृश्य गंभीर, संगीत गंभीर, पात्रं स्वतःला गंभीर समजणारी, आणि मूळ कथेतला जो प्रश्न कुणी विचारत नाही तो एकच प्रश्न शांतपणे विचारलेला. ज्यांनी या सिनेमाची नक्कल केली आणि फसले, त्यांच्यात बहुधा यातलं काहीतरी सुटलेलं असतं. नट कॅमेऱ्याकडे बघून आपल्याच विनोदाला दाद देतात, पोशाख मुद्दाम नकली दिसतात, किंवा त्या वर्षीच्या जाहिराती आणि बातम्यांवर कोट्या केलेल्या असतात, ज्या दहा वर्षांत शिळ्या होतात. ‘होली ग्रेल’ १९७५चा असून शिळा झाला नाही, कारण त्यानं मॅलरीवर विनोद केला, आणि मॅलरी बदलत नाही.

सशाबद्दल थोडंसं. गुहेपाशी बसलेला पांढराशुभ्र ससा सरदारांची मुंडकी उडवतो, हे तुम्हाला निव्वळ मनात येईल ते केल्यासारखं वाटलं. पण मध्ययुगीन हस्तलिखितांच्या समासांत हिंस्र ससे भरपूर आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या ‘स्मिथफील्ड डिक्रीटल्स’ या हस्तलिखितात ससे शिकाऱ्याला पकडून, बांधून नेतात आणि त्याचा शिरच्छेद करतात. धर्मनियमांचा ग्रंथ आणि समासात हे! त्या काळच्या माणसांनाही आपल्या पवित्र, भारदस्त गोष्टी उलट्या करून बघायची हौस होती.

शेवटाची तक्रार जवळजवळ प्रत्येक जण करतो. आर्थर प्रचंड सैन्य जमवतो, चाल करून निघतो, आणि आजच्या काळातले पोलीस गाडीतून येऊन त्याला पकडतात. पैसे नव्हते म्हणून लढाई टाळली, हे स्पष्टीकरण अपुरं आहे. सिनेमाचा साधारण तिसरा हिस्सा उलटतो तेव्हा एक आधुनिक इतिहासकार कॅमेऱ्यासमोर व्याख्यान देत असतो आणि घोड्यावरून आलेला सरदार त्याचा गळा कापून जातो. हा घोडा मात्र खरा आहे! त्यानंतर पोलिसांचा तपास अधूनमधून दिसत राहतो. शेवट अचानक वाटतो, पण त्याची वाट तासभर आधी आखलेली आहे. आणि वीरकथा अर्ध्यावर तोडणं हीसुद्धा मध्ययुगीनच युक्ती. चौदाव्या शतकात चॉसरनं सर टोपस नावाच्या सरदाराची कथा वीरकाव्याचं विडंबन म्हणून रचली, आणि ती ऐकणारा कंटाळलेला यजमान ती मध्येच थांबवतो असं दाखवलं. टेरी जोन्ससारख्या अभ्यासकाला ही परंपरा नक्कीच ठाऊक होती.

आता तुमच्या खेळाची तयारी. सिनेमा दीड तासाचा आहे. आधी दहा मिनिटं बोला, त्याहून जास्त नको, आणि विनोद समजावून सांगू नका. मूळ कथा सांगा, तीही पूर्ण आदरानं: सरोवरदेवीनं दिलेली एक्सकॅलिबर तलवार, गोल मेजाचे सरदार, ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनातला पवित्र प्याला म्हणजे ग्रेल, तो शोधायला निघालेले सरदार, त्यात निष्कलंक म्हणून ज्याला तो लाभतो तो गॅलहॅड, आणि पराक्रमात सर्वांत पुढे असलेला लान्सलॉट. गॅलहॅडची शुचिता माहीत नसेल तर तरुणींच्या किल्ल्यातला त्याचा प्रसंग निव्वळ चावट वाटतो. लान्सलॉटचा पराक्रम माहीत नसेल, तर तो मैदानातून किल्ल्याकडे धावतोय, पुन्हा तेवढ्याच अंतरावरून धावतोय, पुन्हा तेवढ्याच, आणि एकाएकी दारातल्या पहारेकऱ्याच्या अंगावर, या संकलनातली मजा वाया जाते. रक्त आणि सूचक संवाद आहेत, तेव्हा लहान मुलांना आणू नका असं निरोपातच लिहा.

इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा, बोलणं जलद आहे. पण डिस्कवरून दाखवणार असाल तर आधी तपासून घ्या. काही आवृत्त्यांत ‘हा सिनेमा न आवडणाऱ्यांसाठी’ म्हणून शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या दुसऱ्या भागातल्या ओळींचा वेगळा उपशीर्षक-पर्याय आहे. तो चुकून निवडला गेला तर पडद्यावर भलतंच उमटेल आणि नवख्या प्रेक्षकाला ते कळणारही नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत खालच्या बाजूला खोटी स्वीडिश उपशीर्षकं येतात, ती सिनेमाचाच भाग आहेत. त्यांच्यावर तुमची उपशीर्षकं चढत असतील तर तेवढा वेळ बंद ठेवा. प्रेक्षक उशिरा येणारे असतील तर खेळ दहा मिनिटं उशिरा सुरू करा, पण नामावली चुकवू देऊ नका. पैशाअभावी साध्या काळ्या पडद्यावर केलेली ती नामावली हा सिनेमातला पहिला विनोद आहे, आणि खोलीतलं हसू तिथूनच तापायला लागतं.

यंत्र चालवणाऱ्या माणसाला दोन गोष्टी आधी बजावून सांगा. मृत्यूचा पूल ओलांडल्यावर पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी पाटी येते. ती काही सेकंदांचीच आहे, तिथे सिनेमा थांबवून दिवे लावायचे नाहीत. आणि अगदी शेवटी पोलीस कॅमेऱ्यावर हात ठेवतो, फिल्म यंत्रातून सुटल्यासारखी होते आणि पडदा काळा होतो. ते काहीही बिघडलेलं नसतं. नामावली सुरुवातीलाच येऊन गेलेली असल्यामुळे शेवटी एकही नाव येत नाही, नुसता ऑर्गन वाजत राहतो, चांगली दोन-तीन मिनिटं. लोक चुळबुळतील, मागे वळून बघतील, कुणीतरी उठून दार उघडेल. ऑर्गन थांबेपर्यंत दिवे लावू देऊ नका.